चिखलदऱ्याचं उतारावरचं निवास: वरची वाट पास, खालची नापास

खोल्या स्वच्छ, गाद्या बऱ्या, जेवण घरच्या चवीचं आणि माणसं अदबीनं बोलणारी. हे सगळेच लिहितात, म्हणून एका ओळीत उरकलं. मला लिहायचंय ते गाडीतळापासून खोल्यांपर्यंत उतरणाऱ्या छपराच्या वाटेबद्दल. 'सर्व इमारती छपराच्या वाटेने जोडलेल्या' असं जाहिरातीत ठळक छापलंय, आणि त्याच भरवशावर आम्ही म्हाताऱ्या मायला घेऊन भर श्रावणात तिथं गेलो होतो.

माझा धंदा बिछायतीचा. अंजनगाव सुर्जीला मंडप, पाइप, पाल, कनाती, खुर्च्या, भांडी असा सगळा पसारा आहे. चातुर्मासात लग्नं बंद आणि गणपतीच्या मंडपांना अवकाश, त्यामुळे आमच्या लाइनीतला माणूस फिरायला मोकळा सापडतो तो श्रावणातच. छप्पर दिसलं की आधी त्याच्या खांबाकडे पाहायची सवय काही सुटत नाही, आणि खिशात टेप असतोच. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेले तरी आधी सभामंडपाच्या पाया पडता.

चिखलदरा गाविलगडच्या डोंगरात, साधारण १,१०० मीटर उंचीवर. परतवाडा सोडून घाट लागला की काचेवर धुकं बसायला लागतं, आणि वर गेल्यावर ते कधी कधी आठ आठ दिवस उठत नाही. तिथला पाऊस आमच्या खालच्या वऱ्हाडातल्यासारखा सरळ पडून मोकळा होत नाही. दरीतून वारा वर चढतो आणि पावसाला आडवा करून अंगावर आणतो. खालून वर पाऊस येतो असं कोणी सांगितलं तर हसू नका. टॉवेल वाळत नाही, बूट वाळत नाहीत, पायरीसुद्धा वाळत नाही. अशा ठिकाणी वाट झाकायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार या निवासात एकाच जागी दोन वेगवेगळ्या डोक्यांनी केलेला दिसतो. म्हणूनच हे लिहायला बसलो.

आधी जागा समजून घ्या. सगळ्यात वर गाडीतळ आणि ऑफिस. त्याच्या खाली जेवणघर आणि त्याला लागून खोल्यांची मधली ओळ. आणखी खाली, दरीच्या तोंडाशी, नव्या खोल्यांची ओळ, जिचं भाडं जास्त आहे. गाडीतळापासून शेवटच्या खोलीपर्यंत उतार बारा मीटरचा असेल, म्हणजे चार मजले समजा. गाडीतळ ते जेवणघर ही जुनी वाट. जेवणघर ते नव्या खोल्या ही नवी.

जुन्या वाटेनं उतरताना पहिल्यांदा जाणवतं ते हे की ती सरळ उतरतच नाही. उताराला आडवी जाते, वळते, पुन्हा आडवी जाते. सामान उचलणारा काका मेळघाटातल्याच पाड्यावरचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "हे वाट म्हशीनं काढेल हाये भाऊ. आमी फक्त दगडं बसवले." इथं पूर्वी गवळ्यांची जनावरं चरायला यायची. गाविलगड हे नावच गवळ्यांवरून पडलं असं सांगतात, तेव्हा म्हशीचा या डोंगरावर हक्क आहेच. जनावर उतारावर नाकासमोर कधी उतरत नाही, तिरकं जातं, आणि जिथं पाणी साचतं ती जागा टाळतं. बांधणाऱ्यानं तीच रेघ धरली. शिवाय पाणी कुठून येतं ते एक पावसाळाभर पाहिलं आणि मग कामाला हात घातला, असं काका सांगत होता. मला पटलं, कारण डोंगराकडून येणारं पाणी एकदाही वाटेवरून वाहत नाही. डोंगराच्या अंगाला दीड फूट रुंदीची दगडी नाली आहे, आणि प्रत्येक वळणावर त्या नालीचं पाणी वाटेच्या खालून मोरीनं दरीकडे काढून दिलंय. मोरीवर एकसंध फरशी आहे, तिच्यावर पाय पडला की खालून खळखळ ऐकू येते.

डोंगराकडच्या भिंतीत चुना-सिमेंट नाही. काळा दगड नुसता एकावर एक रचलेला, सांधीसांधीतून पाणी झिरपतंय. माझा जावई सिव्हिलवाला आहे. तो भिंतीजवळ वाकून पाणी तळहातावर घेऊन पाहत होता. मी म्हटलं, काय पाहता? म्हणाला, "गढूळ आलं तर भिंतीमागची माती वाहून चालली समजायचं. हे स्वच्छ आहे." नव्या वाटेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आहे आणि पाणी निघायला पाइपही ठेवलेत, पण त्यातले निम्मे गिलावा करतानाच बुजवलेत. तिथं भिंतीला ओल चढून मधोमध पोट सुटायला लागलंय. ते मात्र मॅनेजरला दाखवून आलो, कारण भिंत फुगणं हा गंमतीचा विषय नाही.

आता पायऱ्या. टेप लावला. जुन्या वाटेची पायरी सव्वापाच इंच उंच आणि साडेचौदा इंच रुंद. जावयानं लगेच हिशोब मांडला: दोन उंच्या आणि एक रुंदी यांची बेरीज चोवीस-पंचवीस इंच आली की पायरी पावलाला जुळते. सतराव्या शतकात ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुकारानं मांडलेला हा नियम अजून शिकवतात म्हणे. इथं साडेदहा आणि साडेचौदा, बरोबर पंचवीस. मग नवी वाट मोजली: साडेसात इंच उंच, दहा इंच रुंद. गंमत म्हणजे तीही पंचवीसच भरते. कागदावर दोन्ही पास. पण साडेसात-दहा हा घरातल्या जिन्याचा माप आहे, जिथं जमीन कोरडी असते, कठडा हाताशी असतो आणि माणूस एक मजला चढून थांबतो. ओल्या दगडावर, हातात छत्री, पायात चप्पल, समोर धुकं, अशा वेळी पूर्ण पाऊल बसेल एवढी जागा लागते. दहा इंचात माझ्या मायची टाच मागे टेकते आणि बोटं बाहेर लोंबतात. ती प्रत्येक पायरीवर आडवी होऊन उतरत होती. मी आपला धीर द्यायला पायऱ्या मोजत होतो तर म्हणाली, "किती रायल्या ते सांगू नको बापा, उतरू दे मले माह्या चालीनं."

शिवाय नव्या वाटेची शेवटची पायरी नऊ इंचांची झालीय. बांधताना ती बाकीच्यांसारखीच असणार. खालच्या अंगणातला मुरूम पावसानं धुपला आणि जमीन दीड इंच खाली गेली. माणसाचा पाय दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतो आणि मग डोळे न वापरता उतरतो. तेवढ्यात एक पायरी वेगळी निघाली की माणूस कोसळतो. आमच्या डोळ्यांदेखत एका पाहुण्याची चहाची किटली तिथं गेली. बरं, दुरुस्ती काय? एक दगडी फरशी टाकायची. अर्ध्या दिवसाचं काम.

पृष्ठभागाचंही तसंच. जुन्या पायऱ्यांना छिन्नीनं टाकी मारलेली आहे, हात फिरवला तर खरखर लागते. पायरी किंचित बाहेरच्या बाजूला कललेली आहे, जेमतेम पाणी ओघळेल इतकी. कडेला बोटभर रुंद पांढरी पट्टी ओढलीय, ती धुक्यात आणि रात्री फार कामाची, कारण काळ्या दगडावर काळी पायरी दिसतच नाही. नवीन पायऱ्यांना चकचकीत फरशी बसवलीय. त्यावर शेवाळ यायला दोन आठवडे पुरतात. रोज सकाळी एक पोरगी ब्लीचिंग पावडर टाकून घासते बिचारी, पण दुपारपर्यंत पुन्हा तेच.

आता माझ्या विषयावर येतो. छप्पर.

छपराचं काम पायरी कोरडी ठेवायचं. डोकं काय, टोपीनंही कोरडं राहतं. नवी वाट बांधणाऱ्यानं डोक्याचाच विचार केला. वाट चार फूट रुंद, वर नऊ फुटांवर पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याची गोल कमान, दोन्ही बाजूंना छपराची कड जेमतेम नऊ इंच बाहेर. फोटोत सुंदर दिसते. आता साधा हिशोब करा. वाऱ्यानं पाऊस पंचेचाळीस अंशांत आडवा केला, तर छपराची कड जितकी उंच तितकाच पाऊस आत येतो. नऊ फूट उंच कड, म्हणजे नऊ फूट आत. वाट आहे चार फुटांची. राहिलं काय कोरडं? वर छप्पर होतं आणि हातात छत्रीही लागत होती. त्या छत्रीच्या काड्या समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जात होत्या, कारण चार फुटांत दोन छत्र्या मावत नाहीत. मंडप नुसता वरून झाकून कोणी पावसाळ्यात पंगत बसवत नाही. वाऱ्याच्या अंगाला कनात लागते.

जुन्या वाटेचं छप्पर एकपाखी आहे. डोंगराकडे नऊ फूट, दरीकडे पाचच फूट. पहिल्यांदा वाटतं, डोकं आपटेल. पण आपटत नाही, कारण दरीच्या बाजूला त्या खालच्या कडेखाली सलग दगडी कट्टा आहे, दीड फूट उंच, दीड फूट रुंद. तिथून कोणी चालूच शकत नाही. चालायची वाट उंच बाजूला, बसायचा कट्टा बुटक्या बाजूला. वारा येतो दरीकडून, आणि तिकडूनच छप्पर खाली ओढलेलं, त्यामुळे आडवा पाऊस नव्या वाटेपेक्षा खूपच कमी आत येतो, आणि त्यातलाही काही कट्ट्यावरच पडतो. छपराचं पाणीही दरीकडेच पडतं, वाट आणि डोंगराच्या मध्ये साचत नाही. आमच्या अंजनगावचे पानमळेवाले पश्चिमेकडून ताटी घालून वेल वाऱ्यापासून राखतात, तसंच हे. सेवाग्रामला बापूकुटी पाहिली असेल तर आठवून पाहा, तिथंही ओसरीवरचं छप्पर असंच खाली उतरवलेलं आहे.

मॅनेजरला मी हे बोललो. त्याचं म्हणणं, छप्पर खाली आणलं तर दरी दिसत नाही, आणि पाहुणे दरीचे पैसे देतात. मुद्दा खोटा नाही. पण उतरताना दरी पाहतो कोण? उतरताना सगळे पायाखाली पाहतात, आणि पाहावंच. जुन्या वाटेवर दम लागला म्हणून माय कट्ट्यावर टेकली, आणि बसल्यावर छपराच्या कडेखालून अख्खी दरी समोर आली, धुक्यातून मध्येच हिरवी, मध्येच कोरी. ती तिथून अर्धा तास उठायला तयार नव्हती. बांधणाऱ्यानं दरी दाखवायची जागा बरोबर निवडली होती.

पत्र्याचा आवाज हा दुसरा छळ. जोराच्या सरीत पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. जुन्या वाटेला पत्र्याच्या खालून बांबूचे तट्टे ठोकलेत, त्यानं आवाज मरतो आणि पत्र्याला आतून सुटणारा घाम अंगावर टपकत नाही. मेळघाटात बांबूला तोटा नाही, काम करणाऱ्या हातांनाही नाही. धारणी तालुक्यात लवादा इथं संपूर्ण बांबू केंद्र आहेच. फक्त बांबू मुरवलेला हवा, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात. नाहीतर दोन पावसाळ्यांत भुंगा पीठ पाडतो. इथले तट्टे जुने दिसतात, पण पीठ कुठं दिसलं नाही.

नव्या छपराला तीन गोष्टी भोवल्यात. एक, वांदरं. चिखलदऱ्यात वांदरं छपरावर उड्या मारणारच, आणि पारदर्शक पत्रे तीन-चार ठिकाणी तडकलेत. दोन, पन्हळ. छप्पर उताराबरोबर सरळ खाली धावतं, कडेला तशीच लांबलचक पन्हळ. आजूबाजूला साग. सागाचं एक पान पन्हळीत आडवं बसलं की संपलं, मागचं सगळं पाणी तिथून उसळून वाटेवर. जिथं पन्हळ मोकळी आहे तिथं पाणी वेग घेत येतं आणि शेवटच्या खोलीच्या दारात धबधबा करतं. मृगाआधी पन्हळ साफ करतात का, असं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, शिडी पोचत नाही. मग ती पन्हळ काढूनच टाका ना! पाणी सरळ पडू द्या आणि खाली दगडगोट्यांची नाली करा. जुन्या वाटेला पन्हळच नाही.

तिसरी गोष्ट वारा. नव्या लोकांना वाटतं वादळ मंडप पाडतं. आधी ते त्याला उचलतं, पडतो तो नंतर. हलक्या छपराला वर धरायला खांब सगळेच लावतात, त्याला खाली धरून ठेवायचं कोणी लक्षात घेत नाही. इथं कमानीचे पाइप नुसते भिंतीच्या माथ्यावर चार बोल्टांनी बसवलेत, त्याच फुगलेल्या भिंतीवर. दोन ठिकाणी पत्रा सुटून नायलॉनच्या दोरीनं बांधलेला दिसला. गाठही चुकीची होती, ती मी बदलून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

कठड्याबद्दल थोडं. जुन्या वाटेला डोंगराच्या अंगाला सागाचा गोल दांडा, मुठीत पूर्ण बसतो आणि वळणावरही तुटत नाही. नव्या वाटेला तीन इंची चौकोनी स्टीलचा पाइप. दिसायला मजबूत, पण म्हातारीच्या मुठीत येत नाही, ओला झाला की हात घसरतो, आणि प्रत्येक टप्प्यावर संपतो. नेमका टप्पा संपून पहिली पायरी सुरू होते तिथंच धरायला काही नाही.

दिवे दोन्हीकडे वर लावलेत, ते दोन्हीकडे चुकलंय. पावसाळ्यात दिव्याखाली किड्यांचा सडा पडतो आणि तो पायाखाली येऊन बुळबुळीत होतो. दिवे गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीत, पायरीकडे तोंड करून हवेत. रात्री नऊनंतर एकट्यानं वाटेवर जाऊ नका असं सांगतात, ते ऐका. मेळघाट आहे, अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत, आणि कोरडी, झाकलेली वाट त्यांनाही आवडते.

कोणी म्हणेल, एवढ्या पायऱ्यांपेक्षा रॅम्प का नाही? मीही आधी तेच म्हटलं. पण व्हीलचेअरच्या रॅम्पला एकास बारा हे प्रमाण धरतात. बारा मीटर उतरायला १४४ मीटर रॅम्प, वर थांबायचे टप्पे वेगळे. या उतारावर तेवढा काढायचा तर डोंगर कोरत बसावं लागेल. त्यापेक्षा ज्यांना उतरता येत नाही त्यांना उतरवूच नये. ऑफिसशेजारी गाडीतळाच्या पातळीवर एक मोठी खोली आहे, तिच्यात सध्या जुन्या गाद्या आणि गॅसच्या टाक्या ठेवल्यात. ती रिकामी करून एक पाहुण्यांची खोली केली, तर वयस्क माणसांचा प्रश्न एका फटक्यात सुटतो. तिरुपतीला अलिपिरीहून वर जाणारी साडेतीन हजारांवर पायऱ्यांची वाटही छपराखालीच आहे, पण तिथं वर पोचवायला गाड्याही आहेत. पायऱ्या ज्याच्या त्याच्या इच्छेवर.

सेवेबद्दल मात्र चांगलंच लिहीन. मायची अवस्था पाहून दोघं जण प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले, यात बसा, उचलून नेतो म्हणाले. ती भडकली, "म्या काय देवी हाव का, मिरवाले?" मग न मागता त्यांनी आमची दरीकडची खोली बदलून मधल्या ओळीतली दिली, आणि भाड्यातला फरकही परत केला. जेवणघर तिथून त्याच पातळीवर, जुन्या छपराखालून. नंतर आम्ही नव्या वाटेकडे फिरकलो ते फक्त टेप घेऊन.

माझ्या लेखी जुनी वाट पाचपैकी पाच, नवी दोन, एकूण निवास साडेतीन. नव्या वाटेच्या दरीकडच्या अंगाला आषाढ ते भाद्रपद तट्ट्यांची कनात लावली, खालून वारा जायला दोन-अडीच फूट मोकळं सोडून, आणि पायऱ्यांच्या फरशीला टाकी मारून घेतली, तर मी चार करीन. पावसाळ्यात जाणार असाल तर फोनवर मधल्या ओळीतलीच खोली मागा, 'व्हॅली व्ह्यू'च्या नादी लागू नका. सप्टेंबरनंतर कुठलीही घ्या. जेवणात रबडी येते, ती जरूर खा, पण ताटात धरलेली नसते; बिलात वेगळी लागते.